मागची सीट

मला मोटरसायकल हवी होती ती कामावर जाण्यासाठी नाही. गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी चपला फरफटत जातो आणि तशाच फरफटत परत येतो. फिरायची हौस म्हणाल तर ती मला कधी नव्हतीच. मला गाडी हवी होती ती माझ्या बायकोला दुसऱ्या माणसाच्या मागच्या सीटवरून खाली उतरवायला. लिहायलाच बसलोय तर आता सभ्यपणाचा आव आणून काय उपयोग.

तो दुसरा माणूस म्हणजे माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाण्याचे पंप विकतो. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून गोड बोलायचं हे त्याचं काम, आणि संध्याकाळी घरी आला तरी ते काम त्याच्या तोंडावरून उतरत नाही. माणूस वाईट नाही. तेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर एकदा चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. सासूबाईंच्या मोरीतला नळ गळायला लागला की हा पाना घेऊन हजर. सासऱ्यांची कंबर धरली की हाच त्यांना दवाखान्यात नेणार, आणि वर डॉक्टरला हसवून येणार. मला सासरी फक्त एवढंच विचारतात, काम बरं चाललंय ना. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.

मी गाड्या रंगवतो. ठोकलेली गाडी आली की पत्र्याचं काम करणारा पत्रा सरळ करतो, मग मी खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरतो, घासतो, पुन्हा भरतो, पुन्हा घासतो आणि वरून रंगाचा फवारा मारतो. माझ्या हातून गेलेली गाडी अपघातातली आहे हे तिच्या मालकाला सांगूनही पटत नाही. पण नखांतला रंग जात नाही आणि कपड्यांचा थिनरचा वास जात नाही. साडू शेजारून गेला तरी साबणाचा वास येतो. हे मला बायकोनं कधी म्हटलेलं नाही. मीच ते हुंगून ठेवलंय.

बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजाच्या मशीनवर बसते. कारखाना शहराच्या पार टोकाला, नदीच्या पलीकडे. तिकडे जाणारी बस बंद झाली तेव्हा दोन-चार दिवस ती कुणाकुणाच्या रिक्षात कोंबून घेऊन गेली. मग सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं की थोरले जावई रोज त्याच वाटेनं जातात, तर धाकटीला सोडतील आणि येताना घेऊनही येतील. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

तर रोज सकाळी खाली हॉर्न वाजायचा. दोनदा, छोटा छोटा, जसा काही तो हॉर्नसुद्धा हसतोय. डोक्यावर त्याचं लाल हेल्मेट आणि आरशाला अडकवलेलं दुसरं, पांढरं. ते पांढरं त्यानं माझ्या बायकोसाठी मुद्दाम विकत आणलं होतं. ती जिन्यावरून पळत उतरायची. माझ्याबरोबर कुठं जायचं तर तिला आधी सतरा कामं आठवतात. इथं मात्र दुसरा हॉर्न वाजायच्या आत ती खाली. मी दात घासायचं निमित्त करून गॅलरीत उभा राहायचो. सुरुवातीला ती मागची कडी धरून बसायची. मग एका सकाळी मला तिचा हात त्याच्या खांद्यावर दिसला. रस्त्यात खड्डे आहेत, कडी हाताला लागते, हे सगळं मलाही कळतं. पण मी पेस्टचा फेस गिळला.

रात्री जेवायला बसलं की आमच्या ताटात त्याचे विनोद वाढले जायचे. भावजी असं म्हणाले, भावजी तसं म्हणाले. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं की रस्त्यात एवढं काय बोलता. ती म्हणाली, हेल्मेटमधून काय डोंबल ऐकू येतंय. झालं. ऐकू येत नाही तर मग हे विनोद कुठं सांगितले जातात? म्हणजे कारखान्याच्या फाटकापाशी दोघं उभी राहून बोलत असणार. मी त्या फाटकापाशी कधी गेलो नव्हतो, पण ते फाटक, त्याच्याजवळचं झाड, झाडाखाली स्टँडवर लावलेली त्याची गाडी, सगळं मला लख्ख दिसायला लागलं. तिथं झाड आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं.

मग मी ठरवलं. स्वतःचा कॉम्प्रेसर आणि फवारा घेऊन वेगळं दुकान टाकायचं म्हणून काही पैसे बाजूला ठेवले होते. दुकान गेलं खड्ड्यात, म्हटलं, आधी गाडी. नवीन गाडी त्यात बसत नव्हती. जुनीच घ्यायची, पण दलालाकडून नाही. दलालांच्या गाड्या रंगायला आमच्याचकडे येतात. त्यांच्या टाकीखाली काय दडलंय हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? म्हणून मी आपल्या मनाशी पक्कं केलं की घरगुती माणसाकडून घ्यायची. घरगुती माणूस भोळा असतो, अशी माझी समजूत. दलाल निदान आपण दलाल आहोत एवढं तरी खरं सांगतो, हे मला नंतर कळलं.

पहिल्या घरी गेलो तर एक आजोबा गाडीवर हात फिरवत म्हणाले, लेकीसारखी सांभाळलीय हो. आमच्या गॅरेजातल्या मेकॅनिकला आम्ही वस्ताद म्हणतो. त्यानं मला शिकवून ठेवलं होतं की मालकाशी बोलायच्या आधी इंजिनला हात लावायचा. लावला तर चटका बसला. म्हणजे थंड गाडी सुरू होत नव्हती, म्हणून लेकीला सकाळपासून तापवून ठेवली होती. मी आजोबांचा चहा प्यायलो आणि निघालो. दुसरीचा मीटर असा की गाडी जणू शोरूममधून थेट त्या अंगणात आली आणि तिथंच बसली. पण पाय ठेवायच्या रबरावरच्या रेघा पार घासून गेलेल्या आणि ब्रेकचं पायडल आरशासारखं चकचकीत. मी मालकाला विचारलं की गाडी उभी करून नुसते पाय घासत बसायचात का. तो चिडला. तिसऱ्यानं घरी बोलावलंच नाही, घरी पाहुणे आहेत म्हणून बाजारामागच्या मैदानात बोलावलं. मी म्हटलं पेट्रोल किती आहे बघू, तर त्याला टाकीचं झाकण उघडता येईना. ज्याची गाडी त्याला झाकण उघडता येत नाही म्हणजे ती ज्याची आहे तो कुठंतरी तिला शोधत असणार. मी तिथून पाय काढला.

म्हणजे मी काही दूधखुळा नव्हतो, हे सांगायचंय.

वस्ताद म्हणाला होता की मी येतो बरोबर, एका फेरीत सांगतो. मी त्याला नेलं नाही. कारण साडूची गाडीही वस्तादच दुरुस्त करतो आणि त्या दोघांचं गूळपीठ आहे. वस्तादला कळलं म्हणजे साडूला कळलं, आणि साडूला कळलं म्हणजे तो दात काढत पुढे येणार, चला साडूबुवा, मी दाखवतो चांगली गाडी. मग ती गाडी त्यानं घेऊन दिलेली गाडी झाली असती. सासूबाई मरेपर्यंत तेच सांगत बसल्या असत्या. मला ती एकट्यानं घ्यायची होती आणि एक दिवस अचानक त्या फाटकापाशी नेऊन उभी करायची होती.

चौथी गाडी मोबाइलवर जाहिरातीत दिसली. मालक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करणारा. किडकिडीत, हळू बोलणारा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत असा बघणारा की आपला नंबर वाढलाय की काय असं वाटावं. जिन्याखाली जुनी चादर टाकून ठेवलेली गाडी त्यानं उघडली. गडद हिरवा रंग. मी खिशातून लोहचुंबक काढलं. हा आमचा रंगाऱ्यांचा खाक्या आहे: पत्र्यावर चुंबक फिरवायचं, जिथं ते धरत नाही तिथं खाली लांबी भरलेली. टाकीवरून फिरवलं, दोन्ही मडगार्डांवरून फिरवलं. कुठंही सुटलं नाही. टाकीच्या पोटाखाली बोट घालून बघितलं, तिथंही कारखान्यातलाच रंग. अशा रंगाची, हात न लागलेली गाडी मी गॅरेजात क्वचितच बघतो. इंजिन थंडगार होतं आणि एका किकमध्ये सुरू झालं. कागद त्याच्याच नावावर आणि चोख. गल्लीतून फेरी मारली, मोठ्या रस्त्यावर जाऊन आलो. लोण्यासारखी गाडी. सीटखाली, मागच्या चाकाच्या सांध्यापाशी चिखल आणि ग्रीसचा थर होता. बाकी सगळी गाडी पुसून लख्ख केलेली आणि तेवढाच भाग मळका, हे मला दिसलं होतं. पण मी रंगारी. जिथं रंग नाही तिथं माझी नजर थांबत नाही.

तरीही मी घाई केली नाही. म्हटलं, रविवारी आमच्या मेकॅनिकला घेऊन येतो. हो, वस्तादला नेण्याइतकी ती गाडी मला आवडली होती.

तो म्हणाला, अवश्य आणा. चादरीची घडी घालता घालता पुढे म्हणाला की तोवर राहिली तर तुमची. कालच एक जण बायकोला घेऊन येऊन बघून गेला, त्याच्या फार मनात भरलीय, आज संध्याकाळी पैसे घेऊन येतो म्हणालाय.

हे प्रत्येक विकणारा सांगतो. ह्यावर मी हसणारच होतो. पण सहज विचारलं की कसा होता माणूस.

"दिलखुलास होता," तो म्हणाला. "सारखा हसत होता. लाल हेल्मेट. पंपाच्या कंपनीत आहे म्हणाला."

म्हणजे साडूच. साडूकडे चांगली धडधाकट गाडी असताना ह्याला दुसरी कशाला? मी विचारत सुटलो. गाडी चालवली का त्यानं? किती वेळ? बायको बरोबर होती ती कशी होती, उंच की बुटकी? थोरली उंच आहे, माझी बुटकी. तो म्हणाला, उंच. मला थोडं बरं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं. कुणासाठी घेतोय म्हणाला? तो चष्मेवाला क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांसमोर एकेक काच बदलत ते विचारतात ना, आता कसं दिसतंय, आता कसं दिसतंय, तसा. मग म्हणाला, घरातल्याच कुणासाठी तरी, असं काहीतरी बोलत होता खरा.

घरातल्याच कुणासाठी. मला सगळं चित्र दिसलं. हा हिरवी गाडी घेणार, माझ्या बायकोला चालवायला शिकवणार, नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर तिच्या मागे बसून हँडलवर तिच्या हातांवर हात ठेवणार. आणि सासूबाई म्हणणार, किती करतो हो धाकटीसाठी.

मी तिथंच सौदा केला. भावात घासाघीस केली नाही. त्यानं मागितले तेवढे दिले, तासाभरात घरून पैसे आणून दिले आणि गाडी घेऊन निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा मला कळलं की मी हसतोय. साडूच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटत होतं. गाडी मिळाल्याचा आनंद त्याच्या मागून, बराच मागून येत होता.

बायको खाली आली, तिनं टाकीवर हात फिरवला आणि म्हणाली, रंग छान आहे. रंगाऱ्याच्या बायकोनं रंग छान म्हणावा ह्यापरतं काय पाहिजे. मी म्हटलं, बस, एक फेरी मारू. तिचे हात पिठाचे होते. उद्या सकाळी बसतेच की, म्हणाली. मीही जोर केला नाही, कारण मला त्याहून मोठं काम होतं. साडूला फोन करायचा होता.

त्याला सांगितलं की उद्यापासून यायची तसदी घेऊ नका, आम्ही गाडी घेतलीय. तो म्हणाला, वा वा, कोणती घेतली? मी म्हटलं, बघालच. त्यानं पुन्हा विचारलं, कुणाकडून घेतली, दाखवून घेतली ना कुणाला? मी म्हटलं, आम्हालाही थोडंफार कळतं. पलीकडे तो जरा गप्प झाला. त्या गप्प बसण्याची चव मी झोप लागेपर्यंत चघळत होतो.

सकाळी हॉर्न वाजला नाही. आदल्या संध्याकाळी तिच्याकडेच राहिलेलं पांढरं हेल्मेट घालून बायको माझ्या मागे बसली आणि तिनं हात माझ्या खांद्यावर ठेवला. गल्लीत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडीचं मागचं टोक जरासं हललं, मला वाटलं हीच सरकून बसली असेल. पुलावर चढलो आणि वेग घेतला. तेव्हा मागचं चाक आपल्या मनानं चालायला लागलं. पुढचं चाक सरळ जातंय आणि मागचं डावीकडे, मग उजवीकडे, जसं कुणी शेपटी धरून हलवतंय. बायकोनं माझा शर्ट मुठीत पकडला. शेजारून टँकर चालला होता. मी ब्रेक लावला तसं मागचं आणखीच फिरलं आणि आम्ही पुलाच्या कठड्याला घासून थांबलो. तिच्या गुडघ्याला खरचटलं. डबा रस्त्यावर पडून उघडला.

मी म्हटलं, रस्ता ओला असेल. रस्ता खडखडीत कोरडा होता. ती पुन्हा बसली. पुन्हा तेच. ती उतरली, डब्याचं झाकण लावलं आणि चालायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या बाजूनं चाललो, बस म्हणत, हळू नेतो म्हणत. मागून येणारे हॉर्न मारत होते. आणि आश्चर्य बघा, आता मी एकटा होतो तर गाडी एका रेषेत चालत होती. इतकी गुणी की तिला लाथ घालावीशी वाटली.

मग तो दोनदा छोटा वाजणारा हॉर्न ऐकू आला. त्याच्या कामाची तीच वाट आणि तीच वेळ. त्यानं गाडी लावली, बायकोचा गुडघा बघितला, मग माझ्या गाडीकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला हसत नसलेला दिसला.

"ही त्या चष्मेवाल्याची गाडी ना?" तो म्हणाला. "साडूबुवा, ही मी परवा सोडून आलो हो."

माझ्या बायकोनंच त्याला सांगितलं होतं. ह्यांना गाडी घ्यायचीय, जाहिराती बघत बसतात, मला बोलत नाहीत, तुमच्या नजरेत असली तर बघा. म्हणून तो आमच्यासाठी गाडी बघत हिंडत होता. ही त्यालाही रंगावरून आवडली होती. पण मागे धाकटी बसणार म्हणून त्यानं फेरी मारताना थोरलीला मागे बसवलं. अर्ध्या गल्लीतच थोरली ओरडायला लागली. त्यानं खाली वाकून नखानं थोडासा चिखल खरवडला तर गाडीचा सांगाडा मागून कापून जोडलेला. चष्मेवाल्याला तोंडावर सांगून आला होता की मला नको. संध्याकाळी पैसे घेऊन वगैरे कुणी येणार नव्हतं.

हे सगळं तो खाली मान घालून सांगत होता, जसा काही त्याचाच अपराध. मला वाटत होतं, ह्यानं आता हसावं. एकदा तरी पोटभर हसावं माझ्यावर, म्हणजे मला त्याचा गळा धरता येईल.

बायको माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मी भांडलो असतो.

"माझ्यासाठी घेतली असतीत," ती म्हणाली, "तर मला बसवून बघितली असतीत."

उशीर झाला की कारखान्यात अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. ती त्याच्या मागे बसली. जाताना साडू म्हणाला की तुम्ही सावकाश या, एकट्याला काही होत नाही. पाठीवर हात ठेवून बोलला. तो हात मला दुपारपर्यंत जाणवत होता.

वस्तादनं गाडी आडवी करून दाखवली. कधीतरी मागून कुणीतरी ठोकली होती. कापलेला सांगाडा जोडलाय, पण जोड वाकडा बसलाय. मागे वजन पडलं की चाक रेषा सोडतं. नवा सांगाडा घालायचा तर गाडीपेक्षा महाग. त्यानं मला विचारलं की मला का नाही नेलंस. मी म्हटलं, वेळ नव्हता. त्यानं मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी साडूपासून सासूबाईंपर्यंत सगळीकडे पोचली असणार हे मला त्या मान हलवण्यावरूनच कळलं.

संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानात गेलो. मारायचंच म्हणून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तो एका बाईला अक्षरं वाचायला लावत होता. मला बघून घाबरला नाही, बसा म्हणाला. बाई गेल्यावर मी त्याची कॉलर धरली. त्यानं हात वर केले नाहीत, ओरडला नाही.

"एकट्याला चालते की नाही?" तो म्हणाला. "मी एकटाच चालवत होतो. तुम्ही एकटेच आलात. मागे कोण बसणार, ते तुम्ही बोललात का?"

मी म्हटलं, अपघाताची गाडी आहे हे सांगायला तुझी जीभ झडली होती का.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या माणसानं विचारलं, मी सांगितलं, तो निघून गेला. तुम्ही गाडीबद्दल काही विचारलंच नाहीत हो. तुम्ही सगळं त्याच्याबद्दलच विचारत होता."

मी कॉलर सोडली. का सोडली हे लोक विचारतात. पोलीस बोलावले असते तर मी काय लिहून देणार होतो? की ह्यानं मला फसवलं, कारण मी त्याला विचारत होतो की माझ्या साडूची बायको उंच होती की बुटकी?

ह्यावर कुणी म्हणेल की मग तरी मला अक्कल आली असेल, मन साफ झालं असेल, साडूचे पाय धरले असतील. तसलं काही झालं नाही. उलट आता जास्त जळतं. आधी तो नुसता चांगला होता, आता तो माझ्यासाठी गाडी शोधणारा चांगला झालाय. सासूबाईंनी तर मला परवा तोंडावर ऐकवलं की निदान पुढच्या वेळी थोरल्यांना विचारून घ्या. बायको घरात नीट बोलते, वाढते, माझे थिनरचे कपडे वेगळे भिजवते. फक्त त्याचे विनोद आता सांगत नाही. जेवताना एखाद्या वेळी तिला मधूनच काहीतरी आठवतं, ओठ हलतात, आणि ती ते हसू भाताच्या घासाबरोबर आत ढकलते. ते मला विनोदापेक्षा जास्त खुपतं. गाडी विकून टाक म्हणून वस्ताद मागे लागलाय, कुठल्या तरी सड्याफटिंग माणसाला विक म्हणतो. एक जण येऊन बघूनही गेला. मी विकली नाही.

कारण मी आता कामावरून लवकर निघतो आणि संध्याकाळी त्या फाटकापाशी जातो. तिथं झाड नाही. उघडं फाटक आहे, एक चहाची टपरी आहे आणि धूळ आहे. साडू आधीच येऊन थांबलेला असतो. मला बघून हात वर करतो, आम्ही दोघं चहा पितो, पैसे तोच देतो. भोंगा वाजला की बायका बाहेर पडतात. त्यांच्यात माझी बायको असते, पिशवी सांभाळत, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. समोर दोन गाड्या उभ्या असतात आणि दोन माणसं. बरोबरीच्या बायका मुद्दाम रेंगाळतात, बघायला. ती माझ्या गाडीवर पिशवी ठेवते. पिशवीचं वजन तिला चालतं. मग स्वतः जाऊन त्याच्या मागे बसते.

आणि मी त्यांच्या मागून निघतो. हिरवी गाडी सुरेख चालते, तक्रारीला जागा नाही. पुढे लाल हेल्मेट, पांढरं हेल्मेट. तिचा हात कधी कडीवर असतो, कधी त्याच्या खांद्यावर. मी बघितलंय की खड्डा येणार असला की तो एक हात मागे करून तिला इशारा करतो, आणि मग हात कडीवरून खांद्यावर जातो, आणि खड्डा गेला की पुन्हा कडीवर. पण कधी कधी खड्डा गेला तरी तो तिथंच राहतो. किती वेळ राहतो ते मी बघत असतो. गॅलरीतून हे इतकं जवळून कधी दिसलं नव्हतं.

पुलावर रस्ता मोकळा असतो. काल तिथं साडूनं वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि मला हातानं खूण केली, या साडूबुवा, व्हा पुढे. बायकोनंही मागे वळून बघितलं. माझ्या गाडीत दम होता, सहज गेलो असतो.

मी वेग कमी केला आणि मागेच राहिलो. पुढे गेलो असतो तर मला काही दिसलं नसतं.